कोपऱ्यावरचा खांब

साथीच्या रोगांवर आपण पुष्कळ बोलतो. आज रस्त्यावरच्या दुखण्याविषयी. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाचांतला जवळजवळ एक जण वाहनात नव्हताच.

मंचरला घोडेगावकडे आणि नारायणगावला जुन्नरकडे वळताना दुचाकी, रिक्षा, पिकअप सर्रास कोपरा कापतात. शाळेची मुले आणि बाजाराची पिशवी घेतलेल्या आजी नेमक्या तिथेच उभ्या असतात. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. वळताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या आतून जाते. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून निश्चिंत झालेला माणूस तिच्या तडाख्यात सापडतो.

मोटारीचा बंपर मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या आसपास लागतो आणि नडगी मोडते. मग डोके बॉनेटवर किंवा रस्त्यावर आपटते. लहान मुलाला तोच बंपर मांडीला, पोटाला लागतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, की अंथरूण धरावे लागते. पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो. वेग दुप्पट झाला तर धडकेची ताकद चौपट होते. म्हणून वळणावर वेग थोडा जरी उतरला तरी हाडे वाचतात, जीव वाचतो.

यावर एक साधा उपाय आहे. कोपऱ्यावर, पादचाऱ्यांच्या जागेच्या कडेने, काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले साधारण कंबरेएवढे खांब. शहरात त्यांना बोलार्ड म्हणतात. त्यामुळे कोपरा कापता येत नाही, सावकाश वळावे लागते. उसाने भरलेली ट्रॉली खांबाने थांबणार नाही, हे खरे. पण चालकाला कड दिसते आणि पादचाऱ्याला उभे राहण्याची जागा कळते. दोन खांबांमधून व्हीलचेअर जावी, यासाठी सुमारे सव्वा मीटर अंतर ठेवावे. रात्री चमकणारी पट्टी लावावी. गावाबाहेर, जिथे वाहने भरधाव जातात, तिथे मात्र असे खांब नकोत; दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतेल.

"रस्ता आधीच अरुंद, त्यात खांब कशाला?" असे कोणी म्हणेल. माझे मत असे, की जागा अपुरी असेल तर आधी पायी चालणाऱ्याला द्यावी. सर्वोच्च न्यायालयानेही १४ मे २०२५ रोजी पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

आपल्या गावातला सर्वांत धोक्याचा कोपरा कोणता, हे शाळेत जाणारे मूलही सांगेल. येत्या ग्रामसभेत त्या एका कोपऱ्याचा ठराव मांडा. रस्ता बांधकाम खात्याचा असेल, तर ठरावाची प्रत तिकडे द्या आणि पोच जपून ठेवा.