वाचकांचे लेखन, वाचकांचे भांडार : निर्मिती, समूह आणि संघर्ष

एखादी व्यक्तिरेखा लेखकाच्या मालकीची कुठपर्यंत असते, हा प्रश्न वाङ्मयविचाराला नवा नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली ‘द फायनल प्रॉब्लेम’ या कथेत शेरलॉक होम्सचा अंत घडवून आणला, तेव्हा वाचकांनी दुःख तर व्यक्त केलेच, पण लेखकाला जाबही विचारला. वाचकांचा आग्रह आणि प्रकाशकांनी देऊ केलेले मानधन या दोहोंच्या परिणामी १९०३ साली डॉयल यांनी होम्सला परत आणले. पुढे १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये होम्सभक्तांचे ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ हे मंडळ स्थापन झाले आणि होम्स ही जणू ऐतिहासिक व्यक्ती आहे असे गृहीत धरून त्याच्या चरित्रातील विसंगतींची चिकित्सा करण्याची परंपरा रुजली. वाचक एकत्र येतात, मूळ संहितेतील रिकाम्या जागा शोधतात, त्या आपल्या लेखनाने भरतात आणि तसे करताना आपापसांत भांडतात, या साऱ्या गोष्टी तेथे बीजरूपाने दिसतात. संगणकाच्या जाळ्यावर आज जे चाहतेलेखन, म्हणजे ‘फॅनफिक्शन’, विपुल प्रमाणात होत आहे, त्याची मुळे अशी बरीच मागे जातात.

या लेखनाविषयी मराठी अभ्यासकांत दोन प्रतिक्रिया संभवतात. हे लेखन परपुष्ट आहे, दुसऱ्याच्या कल्पनासृष्टीवर जगणारे आहे आणि म्हणून वाङ्मयविचाराच्या कक्षेत येत नाही, ही पहिली. लेखकाची सत्ता संपून वाचकांचे लोकराज्य अवतरले आहे, ही दुसरी. पहिली प्रतिक्रिया उपेक्षेची, तर दुसरी भाबडेपणाची आहे. चाहत्यांच्या समूहात जी भांडणे झाली, त्यांच्याकडे दोन्ही प्रतिक्रिया पाठ फिरवतात. वस्तुतः या समूहाची वाङ्मयीन जाण त्याच्या भांडणांतूनच घडत गेली आहे.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दूरचित्रवाणीवर प्रसारित झाली. १९६७ सालीच तिच्या चाहत्यांचे ‘स्पॉकनेलिया’ हे पत्र निघाले. मराठीतील अनियतकालिकांच्या चळवळीने साधारण त्याच दशकात जे साधन हाती घेतले, त्या चक्रमुद्रणावरच अशी पत्रे निघत आणि बहुधा खर्चापुरत्या किमतीला विकली जात. या पत्रांतून लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. मालिकेने ज्यांना दुय्यम स्थान दिले होते त्यांना त्या मध्यभागी आणीत, जे भावबंध मालिकेने सूचित करून सोडून दिले होते ते पूर्णत्वाला नेत. किर्क आणि स्पॉक यांच्यातील स्नेहाला प्रेमकथेचे रूप देणाऱ्या कथा सत्तरच्या दशकात लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा चाहत्यांतच तीव्र मतभेद झाले. हा मूळ पात्रांचा विपर्यास आहे असे काहींचे म्हणणे होते. मूळ संहितेतच या वाचनाला आधार आहे असे इतरांचे प्रतिपादन होते. संहितेचा अर्थ आणि त्याची मर्यादा यांविषयीचा हा वाद समीक्षेचाच वाद होता, फक्त तो विद्यापीठाबाहेर चालला होता.

या अंतर्गत समीक्षेचा सर्वांत बोलका दाखला १९७३ सालचा आहे. पॉला स्मिथ यांनी एका चाहतेपत्रात ‘अ ट्रेकीज टेल’ ही अगदी छोटी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू ही वयाने सर्वांत लहान, गुणांनी परिपूर्ण, सर्वांची लाडकी आणि अखेरीस सर्वांना रडवून मरणारी. नवलेखिका स्वतःचेच आदर्श रूप कथेत घुसवतात, या दोषावर ते बोट होते. ‘मेरी स्यू’ ही पुढे समीक्षेची संज्ञाच बनली. पण गोष्ट तेथे थांबली नाही. कोणत्याही समर्थ स्त्रीपात्राला ‘मेरी स्यू’ म्हणून हिणवले जाऊ लागले, तेव्हा पुरुषनायकांच्या अशाच परिपूर्णतेला कोणी दोष का देत नाही, असा प्रतिप्रश्न स्त्रीवाचकांनी केला. एक संज्ञा निर्माण होते, रूढ होते, तिचा गैरवापर होतो आणि समूहच तिची फेरतपासणी करतो, हा सारा प्रवास कोणत्याही आचार्यपीठाशिवाय घडला.

१९९२ साली हेन्री जेन्किन्स यांचे ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांचे ‘एंटरप्रायझिंग विमेन’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली आणि चाहतेलेखनाला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळाली. जेन्किन्स यांनी मिशेल द सर्तो यांच्याकडून दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्या वाचकाची प्रतिमा घेतली. ही प्रतिमा प्रभावी असली तरी अपुरी आहे. चोरून शिकार करणारा एकटा असतो आणि रानाचे नियम त्याला परके असतात. चाहत्यांचा समूह मात्र रानातच वस्ती करून राहतो आणि वस्ती आली की नियम, पंचायत व तंटेही आलेच.

२००७ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. चाहत्यांच्या लेखनातून नफा मिळवू पाहणारी ‘फॅनलिब’ ही कंपनी त्या वर्षी पुढे आली. तिच्या अटींनुसार लाभ कंपनीचा आणि कायदेशीर जोखीम लेखिकांची, अशी टीका झाली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘लाइव्हजर्नल’ या सेवेने आक्षेपार्ह मजकुराच्या तक्रारींवरून शेकडो खाती एकाएकी बंद केली. त्यांत चाहतेलेखनाची आणि वाङ्मयचर्चेचीही खाती होती. त्यांतील अनेक पुढे पूर्ववत झाली, पण परक्याच्या जागेत मांडलेला संसार कधीही रस्त्यावर येऊ शकतो, हा धडा चाहत्यांना मिळाला. कादंबरीकार नेओमी नोविक यांनी त्याच महिन्यात स्वतःच्या भांडाराची कल्पना मांडताना व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२९ च्या ग्रंथशीर्षकाची आठवण करून देणारे शीर्षक योजले, हे अर्थपूर्ण आहे. त्यातून ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही विनानफा संस्था उभी राहिली आणि २००९ च्या नोव्हेंबरात ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे भांडार सर्वांसाठी खुले झाले. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून आणि काम स्वयंसेवकांचे, अशी त्याची घडण आहे. २०१९ साली डब्लिन येथे या भांडाराला विज्ञानसाहित्यातील मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यात सुमारे ५० लाख कृती होत्या. पुरस्कार कोणा एका कथेला मिळाला नव्हता, भांडाराला मिळाला होता. ‘आम्हीही ह्यूगोविजेते’ असे काही चाहते म्हणू लागले आणि पुरस्काराच्या संयोजकांनी त्याला हरकत घेतली. सामूहिक कर्तृत्वाला व्यक्तिगत श्रेयाच्या चौकटीत कसे बसवायचे, हा पेच त्या लहानशा वादातही उघड झाला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या भांडाराची रचना बारकाईने पाहावी अशी आहे. ग्रंथालयात वर्ग आधी ठरतात आणि ग्रंथ त्यांत बसवले जातात. येथे लेखिका आपल्या कृतीला हवी ती वर्णनपदे जोडते आणि स्वयंसेवक पडद्याआड समानार्थी पदे एकमेकांशी जोडून देतात. लेखिकेची भाषा तशीच राहते आणि वाचकाला शोधही घेता येतो. हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार अशा विषयांची पूर्वसूचना देण्याची पद्धत आहे, तसेच ‘सूचना देण्याचे टाळले आहे’ असे जाहीर करण्याचीही मुभा आहे. येथे कृती नाकारली जात नाही, तिच्यावर खूणचिठ्ठी लावली जाते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिचे संपादक मूळ पाठाच्या शोधात होते. उत्तरकालीन भर त्यांनी मुख्य संहितेतून काढली, पण नष्ट केली नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपली. म्हणूनच आज त्या ‘प्रक्षिप्त’ भागावरून त्या त्या प्रदेशातील व काळातील श्रोत्यांना काय हवे होते, हे कळू शकते. चाहत्यांचे भांडार हे एका अर्थी मुख्य संहिता नसलेले परिशिष्ट आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात स्वतःची ओवी घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा ठरवले, असे परंपरा मानते. पण ज्या परंपरेला असा निर्बंध घालावा लागला, तिच्यात भर घालणारे हात किती असतील, याचीही ती साक्ष आहे. ज्ञानेश्वरीचा पाठ धर्मश्रद्धेचा आहे आणि चाहत्यांची संहिता करमणुकीची, हा भेद मोठा आहे आणि तो विसरू नये. तरीही पाठ राखणे आणि पाठात राहणे या दोन ओढींतील ताण दोन्हीकडे सारखाच आहे.

आता संघर्षांकडे वळता येईल. पहिला संघर्ष पैशाचा. ई. एल. जेम्स यांची ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही २०११ सालची कादंबरी मुळात ‘ट्वायलाइट’ कादंबऱ्यांवर आधारित चाहतेलेखन होते. पात्रांची नावे बदलून ती बाजारात आली आणि प्रचंड खपली. प्रकरणागणिक प्रतिसाद देणाऱ्या वाचकांनी ज्या लेखनाला भेट समजून जोपासले, ते विकाऊ झाले, ही अनेकांची व्यथा होती. लेखिकेने आयुष्यभर विनामोबदलाच का लिहावे, हा प्रतिप्रश्नही तितकाच रास्त होता. २०२५ साली या भांडारातील एक कोटीहून अधिक कृती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी परस्पर उचलल्याचे उघड झाले, तेव्हा अनेक लेखिकांनी आपले लेखन केवळ नोंदणीकृत वाचकांपुरते मर्यादित केले. भेट उघड्यावर ठेवली की ती कोणीही उचलू शकते, या जाणिवेने समूहाचा मोकळेपणा आक्रसला.

दुसरा संघर्ष सत्तेचा. २०२० च्या फेब्रुवारीत शियाव झान या चिनी अभिनेत्याच्या काही चाहत्यांना त्याचे कल्पित रूप रंगवणारी एक कथा अवमानकारक वाटली आणि त्यांनी शासनाकडे तक्रारींचा सपाटा लावला. २९ फेब्रुवारीला ते भांडार चीनमध्ये बंद झाले. चिडलेल्या वाचकांनी मग तो अभिनेता ज्यांच्या जाहिराती करीत होता त्या मालावर बहिष्काराची मोहीम उघडली. प्रेमापोटी एकत्र आलेला समूह घरचा तंटा राज्यसत्तेच्या दारात नेतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे लेखन एकदमच नाहीसे होते.

तिसरा संघर्ष अधिक खोलवरचा आहे. २०२० साली आणि पुन्हा २०२३ साली कृष्णवर्णीय व इतर अश्वेत चाहत्यांनी भांडारातील वंशद्वेष्ट्या लेखनाविषयी आणि छळाविषयी उघड मागण्या केल्या. २०२० मध्ये संस्थेने दिलेली आश्वासने पुरी झाली नाहीत, हा २०२३ च्या मोहिमेचा मुख्य आक्षेप होता. भांडार काहीच नाकारणार नसेल, तर ज्यांचा अपमान तेथे नित्य होतो त्यांना ते ‘आपले’ कसे वाटावे? आणि भांडार निवड करू लागले, तर २००७ मध्ये ज्या मनमानीविरुद्ध ते उभे राहिले, तिच्यापासून ते वेगळे कसे राहील?

या पेचात एका बाजूला सोयीस्कर उत्तर नाही, तरी एक भेद करणे आवश्यक आहे. कृती जपणे ही एक गोष्ट आणि समूहात वावरणाऱ्या माणसाला जपणे ही दुसरी. कथेतील आक्षेपार्हतेचा निवाडा संस्थेने हाती घेतला तर भांडाराचे प्रयोजनच संपेल, हे खरे. परंतु जिवंत लेखिकेच्या कृतीखाली वंशावरून शिवीगाळ होते, तेव्हा ‘आम्ही काही गाळत नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही. तेथे प्रश्न वाङ्मयीन स्वातंत्र्याचा नसून सहजीवनाच्या किमान नियमांचा असतो. नियम नसल्याचा लाभ समूहात आधीच सुरक्षित असलेल्यांना मिळतो आणि त्याची किंमत इतरांना मोजावी लागते. एकाच शब्दाने दोन्ही गोष्टी झाकल्या गेल्या, ही त्या संस्थेची खरी चूक होय. शिवाय ज्यांनी आक्षेप घेतले ते समूहाचे शत्रू नव्हते. ज्याला जागा आपली वाटते तोच तिच्यासाठी भांडतो. परका निघून जातो.

मराठी विभागांना या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. जात्यावर दळताना स्त्रियांनी सीतेचा वनवास गायिला, तो ग्रंथातील सीतेला आपल्या सासुरवासाशी जोडून. ठरलेली चौकट, परिचित पात्रे, नाव न लावणारी कवयित्री, ऐकता ऐकता भर घालणारी शेजारीण आणि मोबदल्याचा अभाव, ही सारी लक्षणे तेथे होती. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन उभे केले नसते, तर त्यांतील बहुतांश जात्याबरोबरच थांबल्या असत्या. या ओव्यांना दीर्घकाळ वाङ्मयात स्थान मिळाले नाही, त्यामागेही ‘हे स्वतंत्र निर्मितीचे लेखन नव्हे’ हीच धारणा होती. ओवी कष्टातून आली आणि चाहतेलेखन फुरसतीतून, हा फरक मान्य करूनही अभ्यासकाच्या दृष्टीतील दोष एकच आहे, हे नाकारता येत नाही.

आजचे मराठी तरुण वाचक चित्रपट, मालिका आणि कादंबऱ्यांतील पात्रांना घेऊन जे लिहितात, त्याचा दर्जा बरावाईट असेल. दर्जाची चर्चा जरूर व्हावी, पण ती लेखन उपलब्ध असेल तरच होऊ शकते. परक्या व्यापारी जागांत साठलेले हे लेखन एखाद्या कंपनीच्या निर्णयाने एका रात्रीत पुसले जाऊ शकते, हे २००७ च्या अनुभवाने दाखवून दिले आहे. पदव्युत्तर विभागांनी अशा लेखनाची, त्यावरील वाचकांच्या अभिप्रायांची आणि भांडणांचीही, लेखकांच्या संमतीने नोंद ठेवण्यास प्रारंभ करावा. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सेबरोबर त्याला एक प्रकरण मिळाले तरी पुरे. श्रेष्ठ काय आणि कनिष्ठ काय याचा निवाडा पुढील पिढी करील. निवाडा करण्याजोगे काही तिच्या हाती राहील की नाही, हे मात्र या पिढीवर अवलंबून आहे.