कार्ड बदलता येईल असाच लॅपटॉप घ्या

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ मोहिमेचा हा देशातला पहिला प्रयोग. सशाच्या कानांसारखे दोन अँटेना उघडले की आसपासचे लॅपटॉप थेट एकमेकांशी जोडले जात. दुरुस्ती गावातच व्हावी म्हणून यंत्रातच जादा स्क्रू ठेवलेले होते. वाय-फायची चिप मात्र मुख्य बोर्डावरच पक्की बसवलेली! पुढच्या एक्सओ-१.५ मध्ये ती सुट्या कार्डावर आली. उशिरा का होईना, योग्यच झालं.

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारसारख्या गावांसाठी कार्ड बदलता येण्याचा हा मुद्दा आजही महत्त्वाचा आहे. स्वस्त, जुन्या लॅपटॉपचं कार्ड अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ पकडतं. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर असला, की यादीत त्याचं नावच येत नाही आणि धडधाकट यंत्र कपाटात जातं. खरं तर मागचं झाकण उघडायचं, अँटेनाच्या दोन बारीक वायरी अलगद उचलायच्या, एक स्क्रू सोडवायचा, कार्ड निघतं आणि तिथे ५ गिगाहर्ट्‌झ पकडणारं दुसरं बसवता येतं. काही कंपन्यांचं बायोस परकं कार्ड नाकारतं, तिथे काही शे रुपयांचं यूएसबी डोंगल कामी येतं.

पैसा जिल्हा परिषदेचा असो, आमदार निधीचा असो की सीएसआरचा, शाळांसाठी लॅपटॉप घेताना निविदेत एक अट हवीच: वाय-फाय कार्ड सुटं असावं आणि बाजारात मिळणारं दुसरं कार्ड त्या जागी चालावं. ते बदलायचं कसं, हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात एका दुपारी शिकवता येईल.