मागच्या आसनाचा विचार

वाहनकर्जाच्या अर्जात अर्जदाराचे उत्पन्न विचारले जाते. मात्र मागच्या आसनावर कोण बसणार, हे कोणी विचारत नाही. स्कूटर घेताना हा प्रश्न मीही स्वतःला विचारला नाही. मासिक हप्ता तेवढा पाहिला आणि ११० सीसीची स्कूटर घरी आणली. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आईला तिचे आसन आखूड पडले. दोन-चार फेऱ्यांनंतर 'मी रिक्षाने जाते' असे ती म्हणू लागली, तेव्हा माझी चूक मला उमगली.

नेहमी दोघांनी प्रवास करावयाचा असेल, तर १२५ सीसीची मध्यम आकाराची स्कूटर अधिक सोयीची, असे माझे मत झाले आहे. दोघांच्या वजनानिशी चढ चढताना तिची दमछाक कमी होते. किंमत थोडी अधिक असली, तरी तृतीय पक्ष विम्याचा हप्ता ११० सीसीइतकाच पडतो. कारण ७५ ते १५० सीसी हा एकच गट आहे. चाक १२ इंची असल्यास खड्ड्यांचा त्रास कमी जाणवतो. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या टीव्हीएस ज्युपिटर १२५ ची डिकी ३३ लिटरची असून पेट्रोल पुढून भरता येते; त्यासाठी आसन उचलावे लागत नाही.

तथापि, आकडे सर्व काही सांगत नाहीत. विक्रेत्याकडे जाताना मागे बसणाऱ्या व्यक्तीस आवर्जून सोबत न्यावे, तिला बसवून एक फेरी मारावी आणि मगच कर्जाचा अर्ज भरावा. हप्ते यथावकाश फिटतात. गैरसोयीचे आसन मात्र स्कूटर विकेपर्यंत सोसावे लागते.