पोरींच्या कपड्यांवर पहारा देणाऱ्यांनो, आधी महाड वाचा

जानेवारी २०२३. महाराष्ट्रात बेरोजगारी होती, अतिवृष्टीने पिचलेला शेतकरी होता, आणि चर्चा सुरू होती उर्फी जावेदच्या कपड्यांची. भाजपच्या नेत्या चित्रा वाघ यांनी मुंबई पोलिसांकडे तक्रार केली की ही मुलगी सार्वजनिक ठिकाणी अंगप्रदर्शन करते, तिच्यावर कारवाई करा. दिसली तर थोबाडीत देण्याची भाषाही झाली. आंबोली पोलिसांनी उर्फीला बोलावून जबाब घेतला.

उर्फीचं काम काय, तर वेषभूषा. सेफ्टी पिना, गोणपाट, वायर, साखळ्या अशा कशापासूनही ती पोशाख करते, अंगावर घालते आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहते. ज्याला आजची पोरं कॉस्प्ले म्हणतात, त्याच्या जवळचंच हे काम. आवडावं असा आग्रह नाही. पण तिने पोलिसांना दिलेलं उत्तर आपण नीट ऐकायला हवं. मी भारताची नागरिक आहे, मला हवे ते कपडे घालण्याचा हक्क संविधानाने दिला आहे, असा तिच्या म्हणण्याचा आशय वर्तमानपत्रांत आला. तिने देवाधर्माचा दाखला दिला नाही, माफीही मागितली नाही. तिने संविधान पुढे केलं.

आता प्रश्न येईल, हिंगोलीच्या पोरांनी मुंबईच्या उर्फीची उठाठेव कशाला करायची? ती पैसेवाली, प्रसिद्धीसाठी काहीही करणारी. आपल्याकडे शिष्यवृत्त्या अडकल्यात, वसतिगृहांत जागा नाहीत, गायरानाचे प्रश्न पडलेत. हे सगळं खरं आहे. तरीही उठाठेव करायची, कारण माणसाने काय घालावं हे दुसऱ्याने ठरवायचं, हा जातीचा सगळ्यात जुना कायदा आहे. त्याचे फटके आपल्या आज्या-पणज्यांनी खाल्ले आहेत.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळाने मेलेल्याच्या अंगावरचे कपडे घालावेत, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिने लोखंडाचे घालावेत, असं तिथे लिहून ठेवलं आहे. हे पुस्तकातच राहिलं असं समजू नका. 'जातिप्रथेचं उच्चाटन' या भाषणात बाबासाहेबांनी इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाचं उदाहरण दिलं आहे. १९२८ सालची ती बातमी. सवर्णांनी बलायांना हुकूम काढले होते: जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचे दागिने आणि झकपक कपडे घालायचे नाहीत. बलायांनी ऐकलं नाही तेव्हा त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं आणि जनावरांची चराई बंद केली.

तिकडे त्रावणकोरमध्ये नाडर बायांना छाती झाकायची बंदी होती. त्यांनी अंगावर कापड घेतलं म्हणून ते भर बाजारात फाडलं गेलं. वर्षानुवर्षं लढा दिल्यावर १८५९ साली तिथल्या राजाला ती बंदी सैल करावी लागली. म्हणजे बघा, तिथे अंग झाकलं म्हणून मार आणि इथे झाकलं नाही म्हणून पोलीस. हुकूम उलटासुलटा झाला, पण हुकूम देणाऱ्याची खुर्ची तिथेच राहिली.

इथे आपलेच काही कार्यकर्ते महाडचा दाखला देतात. बाबासाहेबांनीच बायांना नीट कपडे घालायला सांगितलं होतं, मग आम्ही आमच्या पोरींना सांगितलं तर काय बिघडलं? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली आणि त्याच परिषदेत, २७ तारखेला, बाबासाहेब बायांशी बोलले. लुगडं नेसण्याची जी पद्धत पाहून जात ओळखू येते ती सोडा, गळाभर माळा आणि कोपरापर्यंत पाटल्या-गोठ घालणं सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. बायांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतलं आणि लुगडं घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली.

पण बाबासाहेबांनी ते का सांगितलं, हे विचारल्याशिवाय दाखला पुरा होत नाही. गुडघ्यापर्यंतचं लुगडं हे आपल्या बायांच्या अंगावर मारलेलं जातीचं शिक्कामोर्तब होतं. ते शिक्कामोर्तब पुसायचं होतं. ज्यांना घोट्यापर्यंत नेसायची मुभा नव्हती त्या बाया तसं नेसल्या, ही बंडखोरी होती. त्या दिवशीही गावगाड्याने नाकं मुरडलीच असणार की या आता आमच्यासारख्या नेसायला लागल्या! लुगड्याची लांबी हा महाडचा मुद्दा नव्हताच. आपल्या अंगावर कोणाचा हुकूम चालायचा, हा मुद्दा होता. महाडचं भाषण हातात घेऊन पोरींना दरडावणारा माणूस बाबासाहेबांची नाही, बलायांना हुकूम देणाऱ्या सवर्णांची जागा घेतो.

आणि स्वतः बाबासाहेब? गावोगावी आपण त्यांचा पुतळा उभा केला तो कोटबूट-टायमध्ये. अस्पृश्याने असं राहावं हे तेव्हाच्या समाजाला सहन होणारं नव्हतं. तो कोट ही सुद्धा एक घोषणा होती.

आता घरात या. आपल्या जिल्ह्यात, हिंगोली असो, वसमत असो, कळमनुरी, सेनगाव की औंढा, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पोरी पुढे असतात. कोणी पांढरी साडी नेसून निळा फेटा बांधते, कोणी जीन्सवर येते, कोणी कोट-टाय घालून बाबासाहेब होते, कोणी सावित्रीमाई, कोणी रमाई, कोणी भीमा कोरेगावचा सैनिक. आपलं कॉस्प्ले हेच. आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर काय फिरतं? अमकीने गॉगल लावला होता, तमकी डीजेवर नाचली, हिच्या आईबापाने काय संस्कार केले. त्याच मिरवणुकीत उघड्या अंगाने नाचलेल्या पोराचा फोटो कोणी संस्काराच्या नावाने फिरवत नाही. हे लिहिणारे बाहेरचे असतात तसे आपल्यातलेही असतात.

या पहाऱ्याचा खरा चेहरा गौतमी पाटीलच्या बाबतीत दिसला. गावोगावी तिच्या कार्यक्रमाला तोबा गर्दी, आणि त्याच गावांत तिच्या कपड्यांना आणि नाचाला शिव्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये कपडे बदलताना तिचं चोरून चित्रीकरण करून ते व्हायरल केलं गेलं. पुढे मे महिन्यात काही मंडळींनी तिच्या 'पाटील' या आडनावालाच हरकत घेतली. कपड्यांवरून सुरू झालेली चौकशी शेवटी जातीवर येऊन थांबते, याला आणखी कोणता पुरावा पाहिजे?

कायदाही समजून घ्या. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोशाखातून स्वतःची ओळख व्यक्त करणं हा कलम १९(१)(अ) च्या अभिव्यक्तीचा भाग मानला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तोकडे कपडे घालून नाचणं म्हणजे आपोआप अश्लील कृत्य ठरत नाही, असं म्हणून गुन्हा रद्द केला. कलम १९(२) मध्ये सभ्यता आणि नीतिमत्तेच्या नावाने वाजवी निर्बंधांची तरतूद आहे, हे खरं. पण तो निर्बंध कायद्याने आणि कोर्टाच्या कसोटीवर ठरतो, गल्लीतल्या दादाच्या तोंडून नाही. उलट, कपडे बदलणाऱ्या बाईचं चोरून चित्रीकरण करणं आणि ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. गुन्हेगार कोण, हे इथे स्पष्ट होतं.

मग टीका करायचीच नाही का? जरूर करा. उर्फीचे कपडे बाजारू वाटतात, तर तसं लिहा. शरीर विकाऊ माल करणाऱ्या भांडवली बाजाराची चिरफाड करा, आणि त्यात जाहिरातदार, निर्माते, फोटो काढणारे यांनाही धरा. नुसत्या बाईला धरू नका. टीकेला उत्तर देता येतं. थोबाडीत देण्याच्या धमकीला, पोलीस तक्रारीला आणि फिरवलेल्या फोटोला उत्तर देता येत नाही, त्याने फक्त तोंड बंद होतं.

आणखी एक गोष्ट. वेष बदलून लोकांसमोर उभं राहणं आपल्याकडे नवं नाही. बहुरूपी पिढ्यान्‌पिढ्या हवालदार, देव, साधू होऊन दारोदार फिरले. महाराष्ट्र सरकारच्या यादीत तो समाज भटक्या जमातीत येतो. त्यांच्यासाठी वेष ही हौस नव्हती, जातीने नशिबी दिलेलं पोट होतं. आज एखादी पोरगी पोटासाठी नाही, हौसेने सोंग घेते, हे आपण मिळवलेल्या स्वातंत्र्याचं लक्षण आहे. ते सगळ्यांना मिळालेलं नाही, म्हणून तर ते जपायचं.

तेव्हा येत्या जयंतीच्या बैठकीत प्रत्येक मंडळाने दोन ठराव करावेत. मिरवणुकीत पोरींनी काय घालावं यावर समिती एक शब्दही बोलणार नाही. आणि पोरीचा फोटो तिच्या परवानगीशिवाय फिरवणारा कार्यकर्ता, मग तो कितीही जुना असो, समितीत राहणार नाही. बैठकीत बाया निम्म्या असतील तर हे ठराव पास व्हायला दहा मिनिटं लागणार नाहीत. बाया नसतील, तर आधी तोच ठराव घ्या.

उर्फी जावेद आंबेडकरवादी नाही. पण पोलीस ठाण्यात उभं राहून तिने जे पुस्तक पुढे केलं, ते आपल्या बापाने लिहिलेलं आहे. ते तिला उपयोगी पडलं याचा आपल्याला आनंद व्हायला हवा. आपल्याच घरातल्या पोरीने तेच पुस्तक आपल्यापुढे धरलं तर आपण काय करणार, हे आजच ठरवा.

जय भीम! जय संविधान!