निघण्याआधीची भरती

एप्रिल लागला की ठाण्याच्या खाडीवर सगळ्यांचे कॅमेरे रोहित पक्ष्यांकडे वळतात. माझी विनंती, नजर जरा खाली चिखलाकडेही न्या. हिवाळाभर मातकट दिसणारी बाकचोच तुतारी आता विटकरी लाल झालेली असते. छोट्या चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा चढतो. हा विणीचा पेहराव. तुतारीला सैबेरियाचा उत्तर किनारा गाठायचाय, चिखल्याला हिमालय आणि तिबेटकडची पठारं. त्याआधी खाडीतले किडे-कृमी खाऊन अंगात चरबी साठवायची. वाटेतलं इंधन तेच.

ही चरबी चक्क दिसते. वलयांकन करणारे अभ्यासक जाळ्यातून सोडवलेला पक्षी कापडी पिशवीत घालून तोलतात, पट्टीनं पंख मोजतात आणि गळ्याखाली हलकी फुंकर मारतात. पिसं बाजूला होतात, पातळ कातडीआड पिवळसर थर दिसतो. मग पायात ॲल्युमिनियमचं कडं घालून पक्षी मोकळा. कड्यावर क्रमांक असतो, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, अशी इंग्रजी सूचना. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं सुरू केलेली ही पद्धत सालिम अलींनी सोसायटीच्या कामातून आपल्याकडे रुजवली.

भरतीला खाडीचा चिखल बुडतो, तेव्हा हे पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या उथळ पाणथळींवर विसाव्याला येतात. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण या पाणथळी त्या हद्दीबाहेर राहिल्या. तिथे कुत्री धावली, ड्रोन घिरट्या घालू लागला, की अख्खा थवा उडतो आणि कष्टानं जमवलेली चरबी जाळतो. विसाव्याची जागा बुजवून नुसता चिखल राखणं म्हणजे अर्धवट संरक्षण, हे माझं ठाम मत आहे. ‘पक्षी गेले, आता भराव टाकायला हरकत नाही’ हा युक्तिवादही खोटा आहे. पहिल्या वर्षाची बरीच पिल्लं उत्तरेला जातच नाहीत, ती पावसाळाभर इथेच राहतात.

या दिवसांत किनाऱ्यावर जाल तेव्हा भरतीच्या वेळी थव्यापासून लांब उभे राहा. पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर रंग, अक्षरं, कोणता पाय, जागा आणि तारीख टिपा, जमल्यास फोटो काढा आणि सोसायटीला कळवा.