हरिहरेश्वरची बोट: साधं उत्तर आपल्याला का पटत नाही?

१८ ऑगस्ट २०२२. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. नाव ‘लेडी हान’. आत माणूस एकही नाही, पण तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, पुढे गणपती. त्या दिवशी व्हॉट्सॲप किती वाजत होतं, ते तुम्हालाही आठवत असेल.

तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत माहिती दिली. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली. २६ जूनला इंजिन बंद पडलं. बोटीवरच्या लोकांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवून ओमानच्या ताब्यात दिलं. समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट ओढून नेता आली नाही आणि ती वाहत कोकणात आली. प्राथमिक माहितीत दहशतवादी धागा नाही, पण तपास होईपर्यंत कोणतीही शक्यता नाकारत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

तरीही “एवढं सरळ नसतं हो, काहीतरी लपवतायत” हे वाक्य बऱ्याच जणांच्या तोंडी राहिलं. असं का होतं?

संशय वेडेपणाचा नव्हता

आधी एक गोष्ट मान्य करू. याच श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडी आणि दिघीला १९९३ च्या सुरुवातीला आरडीएक्स आणि शस्त्रं उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. पुढे कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काही जणांनाही कोर्टाने दोषी ठरवलं. २००८ मध्ये अतिरेकी ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट पळवून मुंबईपर्यंत आले. म्हणजे समुद्रातून कट येतो आणि आतली माणसं सामील असतात, हे इथे घडलेलं आहे. त्यामुळे कोकणातल्या माणसाला पहिली शंका घातपाताची आली, तर त्याला हसण्यासारखं काही नाही.

मग मेंदू कुठे घसरतो?

पहिलं म्हणजे, मोठ्या भीतीला आपल्याला मोठंच कारण लागतं. मानसशास्त्रात याला प्रमाणाचा पूर्वग्रह म्हणता येईल. तीन एके-४७ दिसल्यावर ‘इंजिन बिघडलं’ हे उत्तर फारच किरकोळ वाटतं.

दुसरं, योगायोग पचत नाही. नेमकं दहीहंडीच्या आदल्या दिवशीच कसं? पण आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुठलीही तारीख घ्या, कुठला ना कुठला सण जवळ असतोच.

तिसरं, तेच तेच ऐकलं की ते खरं वाटू लागतं. १९७७ पासून प्रयोगांमध्ये हा परिणाम दिसत आलाय. ग्रुपवर तर तोच फोटो पाच ठिकाणांहून येतो आणि आपल्याला वाटतं, पाच जणांनी खात्री करून पाठवलाय. त्यात रायफलींचा फोटो पळतो, इंजिनची गोष्ट कोणी पुढे पाठवत नाही.

खुलासा तपासता येतो का?

येतो, थोडाफार. २६ जून ते १८ ऑगस्ट म्हणजे ५३ दिवस. मस्कत ते हरिहरेश्वर सरळ रेषेत साधारण १६०० किलोमीटर. दिवसाला तीसेक, तासाला सव्वा किलोमीटर. आपण चालतो त्याहून कमी वेग. पावसाळ्यात अरबी समुद्रावर वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे वाहतो. सोमालियाच्या चाच्यांमुळे त्या पट्ट्यातल्या अनेक जहाजांवर खासगी सशस्त्र रक्षकही ठेवतात. या हिशेबाने खुलासा सिद्ध होत नाही, पण तो अशक्य नाही एवढं नक्की कळतं.

माझ्या मते शंका आणि कटसिद्धांत यातला फरक इथेच आहे. शंकेला उत्तर मिळालं की ती कमी होते. कटसिद्धांताला उत्तर दिलं, तर तो उत्तर देणाऱ्यालाच कटात ओढतो. पोलीस बोलले तर ‘दबाव’, गप्प राहिले तर ‘लपवाछपवी’. मग त्याला चूक ठरवणार तरी कशाने?

याची किंमत

हरिहरेश्वरला कोणाला इजा झाली नाही. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याआधी तशा अफवा मोबाईलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी होतो, खात्री कमी होत नाही. ते काम आपलंच.

किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली तर ११२ ला फोन जरूर करा, कारण पहिली नजर मच्छीमारांची आणि गावकऱ्यांचीच असते. आणि पुढचा मेसेज पाठवण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: नेमकं काय समोर आलं, तर माझं मत बदलेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तो मेसेज तिथेच थांबवा.