शब्दविचार : ‘आऊट ऑफ स्टेशन’

गेल्या महिन्यात पुतण्याचा लंडनहून फोन आला. “काका, तुमच्या नमुन्याने माझी फजिती केली!” तेथील कचेरीत रजा मागताना त्याने ‘आऊट ऑफ स्टेशन’ असे लिहिले, वरिष्ठाने विचारिले, “कोणते स्टेशन?” मुलास उत्तर देता येईना. दोष त्याचा नव्हे. तो अर्ज तीस वर्षे आम्हीच फळ्यावर लिहीत आलो, आणि अर्थ कधी सांगितला नाही.

वस्तुतः या स्टेशनाचा आगगाडीशी संबंध नाही. इंग्रजी अमदानीत गोरे मुलकी अधिकारी व लष्करी अंमलदार जेथे वस्ती करून राहत, त्या ठिकाणास ‘स्टेशन’ म्हणत. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा अर्थ नोंदलेला आहे. महाबळेश्वरी रेल्वे नसता ते ‘हिल स्टेशन’ कसे, याचा उलगडा यातच होतो. नेमणुकीचे ठिकाण सोडून गेलेला अंमलदार तो ‘आऊट ऑफ स्टेशन’. आजचा सरकारी नोकर ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ मागतो, ती कल्पना हीच. शब्द मूळचा लॅटिन. त्यातील धातू आपल्या ‘स्था’चा सहोदर होय. ‘स्थान’ यापासूनच ‘ठाणे’ झाले, तेव्हा पोलीस स्टेशनास ‘पोलीस ठाणे’ म्हणणाऱ्याने केवढे नेमके भाषांतर केले पाहा!

आमच्या वर्गात पूर्णा जंक्शनावरील एका रेल्वे नोकराचा मुलगा होता. ‘वडील आऊट ऑफ स्टेशन आहेत’ असा त्याचा अर्ज वाचून आम्ही हसलो होतो, कारण वडील त्या वेळी स्टेशनावरच कामावर होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

विलायतेत ‘आऊट ऑफ टाउन’ किंवा नुसते ‘अवे’ म्हणतात. हिंदुस्थानात आपला प्रयोग सर्वांस कळतो. त्यास अशुद्ध ठरविण्याची आमची तयारी नाही. मात्र ‘मी आऊट ऑफ स्टेशनला गेलो होतो’ हे सर्वथा त्याज्य. ती अवस्था आहे, गाव नव्हे! संस्कृतात याच अवस्थेस ‘प्रोषित’ म्हणतात. ‘प्रोषितभर्तृका’ म्हणजे जिचा पती आऊट ऑफ स्टेशन आहे ती. मेघदूतातील यक्ष तर कामात कसूर केल्यामुळे वर्षभर तसा होता.

असो. पुतण्यास यापुढे ‘अवे’ लिहावयास सांगितले आहे. त्याची आई मात्र शेजारणीस अजूनही सांगते, “तो ना, गावाला गेलाय.”